लोडरचं ब्रेक पेडल हापसू नका

चाकण, तळेगाव, वाघोलीकडच्या ऑपरेटर लोकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, मला एकट्याला चार जणांनी पाठवला. उतारावर व्हील लोडरचं (पुढे मोठी बकेट असलेलं चाकांवरचं माल भरायचं मशीन) इंजिन बंद पडलं की ब्रेक गेलाच समजा, कारण प्रेशर इंजिनच्या पंपातून येतं, मग पेडल भराभर हापसून प्रेशर बनवा, नाहीच थांबलं मशीन तर उडी मारा, असं त्यात लिहिलंय. वर हेही की ब्रेक प्रेशर कमी झाल्याचा लाल दिवा लागला तरी ब्रेक लागतोय तोवर काम चालू ठेवा, सेन्सरच खराब असतो, आणि तेल कुठलंही चालतं. मी भोसरीत हायड्रॉलिकचंच काम करतो, आणि यातला हापसायचा सल्ला कुणी खाणीच्या उतारावर खरंच पाळला तर जीव जाईल, म्हणून एवढं लिहितोय.

इंजिन बंद म्हणजे ब्रेक गेला, हे आधी बघू. पंप इंजिनवर चालतो हे खरंय, पण पंपाचं तेल थेट चाकाकडे जात नाही, ते आधी अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये साठतं, म्हणजे आत एका बाजूला नायट्रोजन गॅस आणि दुसऱ्या बाजूला तेल, गॅस दाबला गेला की स्प्रिंगसारखा तेलाला ढकलत राहतो. प्रेशर ठराविक आकड्याखाली आलं की चार्जिंग व्हॉल्व्ह परत तेल भरतो, वरच्या आकड्याला पोचलं की थांबतो. त्यामुळे इंजिन बंद पडलं त्या क्षणी तुमच्याकडे काही पूर्ण ब्रेक शिल्लक असतात. किती, ते त्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये असतं.

आता हापसणं. कारमध्ये पेडलखाली मास्टर सिलिंडर असतो, पाय तेल ढकलतो, लाईनमध्ये हवा असेल तर दोनतीनदा मारल्यावर पेडल वर येतं, ती सवय आपल्या पायात बसलीय. मोठ्या लोडरचं पेडल तेल ढकलतच नाही, ते एक व्हॉल्व्ह उघडतं. पायाने स्प्रिंग दाबली जाते, स्प्रिंग स्पूलला, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या सरकत्या दांड्याला ढकलते, स्पूल सरकला की अ‍ॅक्युम्युलेटरचं तेल ब्रेककडे जातं, आणि ब्रेकमध्ये चढलेलं प्रेशर उलट स्पूलच्या खालून वर रेटतं. दोन्ही जोर सारखे झाले की स्पूल मध्येच थांबतो, येणारी वाट बंद, टाकीकडची पण बंद, प्रेशर धरून ठेवलं जातं. अजून दाबलंत तर अजून थोडं चढतं. म्हणून तर एवढं अवजड मशीन पायाच्या हलक्या दाबाने हळू करता येतं. समजा अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये १६० बार (बार म्हणजे प्रेशर मोजायचं माप) आहे आणि ब्रेकला जास्तीत जास्त ७० बार सेट केलंय, तर पेडल स्टॉपला टेकल्यावर कितीही जोर लावा, ७० च्या वर जाणार नाही.

आणि पाय उचलला की? ब्रेकमधलं तेल टाकीत परत जातं. गेलं ते गेलं, इंजिन बंद असताना ते परत भरणारं कुणी नाही. म्हणजे प्रत्येक हापशाला तुम्ही शिल्लक राहिलेला एक ब्रेक टाकीत ओतताय, सात-आठदा मारलंत तर ज्या तेलाने मशीन थांबलं असतं तेच संपवलंत.

मला वाटतं हा गैरसमज आम्हा मेकॅनिक लोकांकडूनच पसरला असावा. ब्रेकचा पाईप खोलायच्या आधी आम्ही इंजिन बंद करून पेडल मारत राहतो, पण ते प्रेशर बनवायला नाही, काढून टाकायला!

उडी मारू नका हो, स्वतःच्याच मशीनखाली माणूस सापडतो. बेल्ट लावलेला ठेवा, पेडल एकदाच दाबा आणि धरून ठेवा, बकेट जमिनीला टेकवा (बऱ्याच मशीनवर बूम, म्हणजे बकेटचा हात, इंजिन बंद असतानाही वजनाने खाली येते), पार्किंग ब्रेक लावा. पार्किंग ब्रेक बहुतेक मोठ्या मशीनवर स्प्रिंगने लागतो आणि प्रेशरने सुटतो, म्हणजे तेल संपलं तरी तो लागतो.

लाल दिव्याचं म्हणाल तर तो लागतो तेव्हा ब्रेक लागतच असतो, थोडा साठा उरलेला असतानाच तो लागावा म्हणून तर बसवलाय. जागेवर थांबा, गेज लावून बघा, मग सेन्सरला दोष द्या. गॅस कमी झालेला असेल तर अजून एक खूण दिसते, चार्जिंग व्हॉल्व्ह जवळजवळ प्रत्येक ब्रेकला चालू-बंद होतो. गॅस भरायचा तो फक्त कोरडा नायट्रोजन, ऑक्सिजन कधीच नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

तेल कुठलंही चालत नाही. या सिस्टीममध्ये मशीनचंच हायड्रॉलिक तेल असतं, त्यात कारचं डॉट ब्रेक फ्लुइड ओतलंत तर सील खराब होतात. उलटही तसंच.

एक गोष्ट राहिली, बऱ्याच बॅकहो लोडरला मास्टर सिलिंडरच असतो आणि रस्त्यावरच्या टिपरला हवेचा ब्रेक, त्यांना वरचं सगळं लागू नाही. आपलं मशीन कुठल्या प्रकारचं ते माहीत नसेल तर मॅन्युअलमध्ये बघा, आणि अ‍ॅक्युम्युलेटरचं असेल तर उद्या सकाळी सपाट जागेवर, चाकांना ओंडके लावून, आधी इंजिन चालवून साठा पूर्ण भरून घ्या, मग इंजिन बंद आणि चावी चालू ठेवून पेडल मोजून दाबा, आणि कितव्यांदा दिवा लागतो ते मॅन्युअलशी ताडून बघा. पहिल्या दुसऱ्यालाच लागला तर ते मशीन उतारावर नेऊ नका.