दोरांची पानं गाळणाऱ्यांना

आज वाचनकट्ट्यावरून घरी आले ती डोकं तापवूनच. जेवण झालं, मागचं आवरून झालं, तरी शांत होईना, म्हणून इथं लिहितेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

या महिन्याला आम्ही घेतला होता एक इंग्रजी समुद्री थ्रिलर. अलीकडचाच. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे मी रहस्य फोडणार आहे. शिडाची बोट, चार माणसं, भर अटलांटिक, आणि एका रात्री चौघांतला एक समुद्रात नाहीसा होतो. बेळगावच्या टिळकवाडीत चहाचे कप घेऊन आम्ही यावर बोलणार होतो. बोललो कसलं, कपाळ! पहिलंच वाक्य आलं, "ती दोर आणि वाऱ्याची पानं मी गाळली हं, फार कंटाळवाणी आहेत." लगेच तिघांनी माना डोलावल्या. आणि मग त्याच तोंडानं, "शेवट काही पटला नाही, कुठून तरी आणून चिकटवलाय."

अहो, चिकटवलेला वाटणारच की! चौथ्या प्रकरणात काय आहे? वारा पाठीमागून आहे. अशा वेळी बोट जरा वळली की शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला फेकलं जातं, आणि शिडाखालची ती आडवी दांडी, बूम म्हणतात तिला, डोक्यावरून सणकन जाते. माणूस मध्ये आला तर गेलाच. म्हणून बूमला एक दोर बांधून तो पुढे नाळेकडे नेऊन पक्का करतात, म्हणजे बूम जागची हलत नाही. कप्तान बाई झोपायला जाण्याआधी तो दोर स्वतः आवळते. दीड पान आहे त्यावर. सकाळी तिचा नवरा म्हणतो, नाहीसा झालेला तो माणूस बूम लागून पडला. आणि दोर? दोर जसाच्या तसा बांधलेला. खून तिथंच उघडा पडलाय, आणि तेवढंच दीड पान यांनी गाळलं!

मला हे लगेच दिसलं ते मी फार हुशार आहे म्हणून नाही. मालवणला माझ्या नणंदेकडे गेलो होतो तेव्हाची गोष्ट. सिंधुदुर्ग बघून परत येताना मध्येच होडीचं इंजिन बंद पडलं. दुपार कलली होती, वारा वाढलेला. होडी लाटांना आडवी झाली आणि पाणी आत यायला लागलं. बायका-पोरं किंचाळायला लागली, माझे यजमान देवाचं नाव घ्यायला लागले (एरवी घरात कधी घेत नाहीत). म्हातारा तांडेल इंजिनकडे वळलासुद्धा नाही. "हलू नकात, बसान रवा," एवढंच म्हणाला आणि अनवाणी पुढे जाऊन नांगर सोडला. दोर त्याच्या बोटांतून सरकत होता आणि तो नुसता बोटांनी ऐकत होता. एका क्षणी थांबला, खुंटाला दोन वेढे दिले. होडीचं तोंड हळूहळू लाटांकडे वळलं. पाणी आत यायचं थांबलं. मग तो इंजिन बघायला मागे गेला.

त्या होडीत कुणाला तो दोर कंटाळवाणा वाटला नव्हता. एकालाही नाही.

बरं, दोर नकोत तर नकोत. पुढची तक्रार ऐका. "बोट उलटीपालटी होते, डोलकाठी मोडते, हे जरा अतीच." अतीच? २०१८ च्या सप्टेंबरात आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब शर्यतीत, म्हणजे शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरात होते. वादळात डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार, हलताही येईना. दोन-तीन दिवस बोटीत तसेच पडून, मग फ्रेंच जहाजानं बाहेर काढलं. तोच माणूस पुढच्या शर्यतीत उतरला आणि दुसरा आला. कादंबरीकारानं असं लिहिलं असतं तर आमच्या कट्ट्यानं त्याला हाकलून दिलं असतं.

आणि मग ते आलंच, ज्याची मी वाट बघत होते. "एकटी बाई एवढी बोट सांभाळते, हे काही पटत नाही." म्हणाले कोण, तर ज्यांच्या घरी सगळं एकटी बाईच सांभाळते ते सर. तीच शर्यत, २०२३ मध्ये जिंकली दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफरनं. एकटीनं. वाटेत एका स्पर्धकाची बोट बुडाली, तर वळून गेली, त्याला जीवरक्षक तराफ्यावरून उचललं, मालवाहू जहाजावर पोचवलं आणि परत शर्यतीला लागली. आपल्या नौदलाच्या तारिणी या शिडाच्या बोटीवरून २०१७-१८ ला सहा जणी पृथ्वीला फेरी मारून आल्या, आणि २०२४-२५ ला त्याच बोटीवर दोघीच. आणि मालवणच्या त्या होडीत मागे बसून डब्यानं पाणी उपसत कोण होतं सांगू? तांडेलची सून. पदर खोचून, तोंडातून शब्द नाही, एका लयीत. पटत नाही म्हणे!

सगळ्यात जास्त मात्र मला झोंबलं ते शेवटचं. "आपण बेळगावची माणसं, आपल्याला समुद्राचं काय?"

का बरं? खानापूर तालुका आपलाच ना? कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, ती कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. आणि भीमगडच्या रानातून म्हादई निघते, ती गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला. एका तालुक्याचं पाणी दोन्ही समुद्रांना! दिलीप दोंदे २०१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आले, टॉमी २०१३ मध्ये कुठेही न थांबता करून आले, ते दोघेही ज्या बोटीतून गेले ती गोव्यात बांधलेली, आणि तिचं नाव म्हादई. आपल्या रानातल्या नदीचं नाव घेऊन ती बोट केप हॉर्नला वळसा घालून आली. आपल्याकडे म्हादई म्हटलं की कळसा-भांडुराचा पाण्याचा वाद, मोर्चा आणि कोर्टाच्या तारखा, एवढंच. तेही महत्त्वाचं आहे, नाही असं नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ताच झालंय, तरी मोबाईलवर अक्षरं मोठी करून त्यांनी पुस्तक संपवलं. ते नसते तर कट्टा दोन वर्षांपूर्वीच बंद पडला असता. आणि खानापूरहून बसनं येणारी आमची सगळ्यात लहान मेंबर, कॉलेजला आहे, ती सगळा वेळ गप्प होती. उठताना तिनं मला बसच्या तिकिटाची मागची बाजू दाखवली. बोट, बूम, वाऱ्याचा बाण, आणि तो दोर, पेन्सिलनं दोनदा गिरवलेला. "काकू, तो खोटं बोलतोय हे मला इथंच कळलं होतं." मग बोलली का नाहीस गं? तर म्हणे, सगळे मोठे बोलत होते.

हे बघा, परत डोकं फिरलं माझं.

हो, मान्य, पुस्तक निर्दोष नाही. मधलं प्रेमप्रकरण उगाच आहे, आणि नवऱ्याला दुष्ट दाखवायला लेखकानं त्याच्या हातात इतक्यांदा दारूचा ग्लास दिलाय की संशय दुसऱ्या कुणावर जाणारच नाही. शेवटी हेलिकॉप्टर येतं तेही अगदी सिनेमासारखं. किनाऱ्यापासून इतक्या लांब हेलिकॉप्टर पोचतं तरी का? तिथं तेल पुरत नाही, म्हणून तर टॉमींना काढायला जहाजाला जावं लागलं. ही चूक कट्ट्यावर कुणी काढली असती तर मी त्याला घरी बोलावून कुंदा खायला घातला असता. पण कशी काढणार, वाचायला तर हवं!

तर ज्यांनी पानं गाळलीत त्यांनी आधी चौथं प्रकरण वाचावं. पुस्तक माझ्याकडे आहे, सरांनी उद्या माणूस पाठवला तरी देते. खानापूरच्या पोरीला पुढच्या वेळी पहिलं बोलू द्यायचं, हे मी ग्रुपवर टाकलंय, कुणी अजून अंगठासुद्धा दिलेला नाही. वाचून झालं की इथं खाली भांडायला या, मी अकरापर्यंत जागी आहे.