‘रेटिंग नव्वदच्या वर, म्हणजे दहापट पक्के’: हे गणित कुठे चुकते

यवतमाळ, वर्ध्याकडच्या गावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: नव्या मीम कॉइनचे (गमतीच्या नावाने काढलेल्या क्रिप्टो नाण्याचे) रेटिंग १०० पैकी ९० च्या वर असेल, लिक्विडिटी (खरेदी-विक्रीसाठी ठेवलेला साठा) लॉक असेल आणि होल्डर (कॉइन बाळगणारी खाती) हजाराच्या वर असतील, तर पहिल्या तासात घ्या, दहापट होणारच. कापसाचा चुकारा नुकताच खात्यात पडलेल्या माणसाने हा मेसेज शब्दशः खरा धरू नये.

आधी रेटिंग. रेटिंग देणाऱ्या साइट मुख्यतः दोन-तीन गोष्टी पाहतात: नवे टोकन (कॉइनचे नग) छापायची आणि कुणाचे खाते गोठवायची परवानगी रद्द केली आहे का, लिक्विडिटी काढून घेता येते का. म्हणजे चोरीच्या काही वाटा बंद आहेत, एवढेच कळते. पंप.फन या मीम कॉइन काढायच्या साइटवरच्या साध्या टोकनांची संख्या १०० कोटी ठरलेली असते आणि छपाई बंद असते. त्यामुळे तिथला जवळजवळ प्रत्येक कॉइन या परीक्षेत पास होतो. ग्रेडरने कापसाचा ओलावा ८ टक्के सांगितला, तर आजची गाडी कोणत्या भावात बसते ते कळते; पुढच्या आठवड्याचा भाव त्यात नसतो.

‘लिक्विडिटी लॉक, म्हणून पैसा सुरक्षित’ हा सर्वांत घातक भाग आहे. समजा एकूण टोकन १०० कोटी. पूलमध्ये, म्हणजे ज्या साठ्यातून खरेदी-विक्री होते त्यात, २० कोटी टोकन आणि २ लाख रुपये. भाव पडतो ०.००१ रुपया, म्हणून स्क्रीनवर मार्केट कॅप (भाव गुणिले एकूण टोकन) १० लाख दिसते. प्रत्यक्षात रोकड २ लाखच. आता एकाने आपले २० कोटी टोकन विकले. पूलमधल्या टोकन आणि रुपयांचा गुणाकार कायम राहतो, म्हणून टोकन ४० कोटी झाले की रुपये १ लाख उरतात. त्याला १ लाख मिळाले आणि उरलेल्यांचा भाव ७५ टक्के पडला. लॉक मात्र जसेच्या तसे. लॉक फक्त पूल पळवण्यापासून वाचवते, मोठ्या विक्रीपासून नाही.

हजार होल्डर? सोलाना या क्रिप्टो नेटवर्कवर एक टोकन खाते उघडायला सुमारे ०.००२ सोल (तिथले चलन) अनामत लागते. हजार खात्यांना साधारण २ सोल, तेही खाती बंद केल्यावर परत मिळतात. म्हणून आकडा पाहू नका. एक्सप्लोररमध्ये (सगळे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) सर्वांत मोठी वीस खाती एकेक उघडा. एकाच ब्लॉकमध्ये (व्यवहारांच्या एकाच गठ्ठ्यात, म्हणजे एकाच क्षणी) खरेदी, किंवा सगळ्यांना एकाच वॉलेटमधून सोल आलेले दिसले, तर तो बहुधा एकच माणूस. लाँच होताच बॉट (आपोआप खरेदी करणारे प्रोग्राम) घेऊन बसलेले असतात. मेसेज ग्रुपवर येईपर्यंत ‘पहिला तास’ त्यांचा झालेला असतो.

चार्ट वर जातोय म्हणून विकताही येईल, असेही नाही. स्क्विड नावाचे टोकन नोव्हेंबर २०२१ मध्ये २,८०० डॉलरच्या वर गेले. घेणाऱ्यांना विकता येत नव्हते, आणि काही मिनिटांत भाव जवळपास शून्यावर आला. आधी शंभर रुपयांचे घेऊन लगेच विकून पाहा. तेही फक्त त्या घडीपुरते, कारण काही कॉइनच्या करारांत (कोडमध्ये) विक्रीवरची कपात नंतर वाढवता येते.

कराचे मेसेजमध्ये नावही नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस लागतो, उत्पन्न कितीही कमी असो. एका कॉइनमध्ये १०,००० कमावले, दुसऱ्यात १०,००० गमावले, तरी ३,१२० रुपये भरावे लागतात. तो तोटा पुढच्या वर्षीही वजा करता येत नाही.