दार लावण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, सलाम.

रोज थोडा वेळ दार लावून एकांतात प्रार्थना करावी आणि तिथे मिळालेलं जपावं, असं मी 'अंतःकरणाची राखण' या लेखात लिहिलं होतं. त्याखालची तुमची प्रतिक्रिया ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं: ही मठातली परदेशी शिकवण आहे, कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या माणसाला एवढा वेळ नसतो, मी बायबलातल्या स्तोत्राचा क्रमांक चुकवला, आणि शेवटी तुमचं ते वाक्य, "दार लावून स्वतःच्या आत्म्याला कुरवाळत बसणं म्हणजे ख्रिस्ती जीवन नव्हे, असले उपदेश घरबसल्या सुचतात."

क्रमांक चुकला होता, मान्य. 70 व्या स्तोत्राच्या जागी 69 पडलं. जुन्या लॅटिन बायबलात बरीचशी स्तोत्रं एका आकड्याने मागे असतात, आपलं 23 वं तिथे 22 वं. तिथून ती चूक आली. दुरुस्त केली आहे, आभार.

पण 'कुरवाळत'? ज्या माणसाला तुम्ही कधी भेटला नाहीत त्याच्या प्रार्थनेबद्दल, सगळ्यांसमोर, हा शब्द? मतभेद मी समजू शकतो, त्यासाठीच खाली प्रतिक्रियांची जागा ठेवली आहे. बावीस वर्षं नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत मी घरप्रार्थना घेतो आहे. 'घरबसल्या' लिहायच्या आधी एकदा विचारलं असतंत तर बरं झालं असतं.

आता त्या दाराकडे येऊ. दार लावायला मी सांगितलेलं नाही, प्रभूने सांगितलं आहे, मत्तय 6:6. आणि तो अध्याय सुरू कुठून होतो ते पाहा. प्रार्थनेच्या आधी दानधर्म येतो. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे सेवेबद्दलच सांगितलं आहे. मग प्रार्थना, मग उपास. आणि उपासाच्या दिवशी डोक्याला तेल लावून तोंड धुवायचं, चेहरा पाडून फिरायचं नाही. म्हणजे तुम्ही दाराच्या बाहेर उभी केलेली सेवासुद्धा प्रभूने दाराच्या आतच ठेवली आहे. मार्कचा पहिला अध्याय घ्या. संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलं, प्रभूने आजाऱ्यांना बरं केलं. पहाटे अंधार असतानाच तो एकटा निघून गेला. त्याचा शिष्य शिमोन शोधत आला, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणाला. तेव्हा तो परत त्या गर्दीकडे गेला नाही, पुढच्या गावांकडे निघाला. सेवेने कुठे वळायचं ते त्या पहाटे ठरलं.

राखण म्हणजे माणसांना बाहेर ठेवणं नव्हे. आतलं वाहून जाऊ नये म्हणून ती असते. पहाटे एखादं वचन मनाला भिडतं. पाच मिनिटांत ते स्टेटसवर जातं आणि पुढची पंधरा मिनिटं किती जणांनी पाहिलं ते बघण्यात जातात. खरं तर गळती त्याच्याही आधी लागलेली असते. डोळे मिटलेले असतात, ओठ हलत असतात आणि मनात रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर द्यायच्या साक्षीची, म्हणजे स्वतःच्या अनुभवाची, वाक्यं जुळायला लागतात. "प्रभूने मला दाखवलं की..." हे तयार झालं की समजावं, आपण आता देवाशी बोलत नाही, मंडळीशी बोलतो आहोत. तिथे स्वतःशी झगडू नये, झगड्यात उरलेला वेळही जातो. वहीत तारीख टाकून एक ओळ लिहायची, वही मिटायची आणि महिनाभर ते कोणालाही सांगायचं नाही. महिन्यानंतरही ती ओळ तितकीच खरी वाटली, तर खुशाल साक्ष द्या.

मात्र मोहाच्या बाबतीत नेमकं उलट करायचं असतं. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या 1548 मध्ये छापलेल्या साधनेच्या नियमांत हे स्पष्ट आहे: सैतानाला आपला डाव गुप्त राहायला हवा असतो, म्हणून तो जाणत्या माणसापाशी उघड करावा. राग, पैशाचा लोभ, रात्री मोबाइलवर पाहिलेलं, दारूची तलफ, हे एकाच वडीलधाऱ्या माणसाला सांगायचं, पाळकसाहेबांना किंवा कॅथलिक असाल तर पापनिवेदनात. ग्रुपवरच्या प्रार्थना-विनंतीत नाही, तिथे त्याची बातमी होते. आपण करतो काय, तर कृपा चव्हाट्यावर मांडतो आणि मोह कुलपात ठेवतो. त्याच नियमांत पुढे म्हटलं आहे की शत्रू तटाची कच्ची बाजू शोधतो. आपल्या नाशिकजवळच्या आशेवाडीच्या रामशेज किल्ल्याला 1682 मध्ये मोगलांनी वेढा घातला, वर्षानुवर्षं तो लढून मिळाला नाही, शेवटी पैशाने गेला.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. परदेशी म्हणाल, तर त्या लेखात ज्या ख्रिस्ती साधूंचा मी उल्लेख केला ते चौथ्या शतकातले, इजिप्तच्या वाळवंटातले; युरोपचा तिथे काय संबंध? आणि मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांची भजनं तुम्हीही म्हणत असाल. त्यातली एकांताची ओढ कुठून आयात झाली ते सांगा.

वेळेचं म्हणाल, तर वीस मिनिटं पुरतात. सातच्या पाळीला जाणाऱ्याने मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, गजरासाठी साधं घड्याळ घ्यावं. दोन मिनिटं नुसतं बसायचं. एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं. मनातल्या मनात वाचलं की झोप येते. शुभवर्तमानातल्या दहा-बारा ओव्या दोनदा वाचायच्या, मग पाच मिनिटं गप्प बसायचं आणि शेवटी वहीत ती एक ओळ. रात्रपाळीवाल्याने घरी आल्या आल्या बसू नये, झोप काढून उठल्यावर बसावं. एका खोलीत सहा माणसं असतील तर 70 व्या स्तोत्राची पहिली ओवी, देवाने धावून यावं अशी हाक आहे ती, बसच्या रांगेतही मनात म्हणता येते. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेच्या गर्दीतही म्हणता येते.

आणि मन कोरडं पडलं, काहीच जाणवेना, तर त्या दिवशी वेळ कमी करायची नाही, एक-दोन मिनिटं वाढवायची. नेम बदलायचा निर्णय अशा दिवसांत घ्यायचा नाही. बहुतेकांचा नेम इथेच मोडतो: तीन दिवस कोरडे गेले की चौथ्या दिवशी पाच मिनिटांवर येतो आणि आठवड्यात बंद पडतो.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. 'कुरवाळत' हा शब्द तेवढा तुम्ही स्वतः मागे घ्यावा, अशी विनंती आहे.