वासांची खतावणी

माझ्या फोडणीविरुद्ध परवा झालेली तक्रार तोंडी होती. मात्र पुराव्यादाखल तक्रारदाराने सोबत वही आणली होती. इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या आमच्या जुन्या इमारतीची लिफ्ट दोन सडपातळ माणसांपुरती आहे आणि तीत मी, भाजीची पिशवी आणि पहिल्या मजल्यावरचे राजोनिएरे असे तिघे एकत्र सापडलो, एवढी प्रस्तावना पुरे. पहिला मजला आला, लिफ्ट थांबली, पण राजोनिएरे उतरले नाहीत. त्यांनी स्वतःच चौथ्या मजल्याचे बटण दाबले आणि "सिन्योरा, आपल्याशी दोन मिनिटे बोलायचे होते," असे म्हणून कोटाच्या आतल्या खिशातून पुठ्ठ्याच्या बांधणीची एक वही काढली.

राजोनिएरे हे त्यांचे नाव नाही. इटलीत शिकल्यासवरल्या माणसाला त्याच्या पेशाच्या नावाने हाक मारण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे; वकील हा 'आव्होकातो' असतो, अभियंता हा 'इंजेनिएरे' असतो, आणि हिशेबनीस निवृत्त झाला, त्याच्याजवळ हिशेब करण्यासारखे काही उरले नाही, तरी तो अखेरपर्यंत 'राजोनिएरे' राहतो. आमच्या राजोनिएरेंनी या अडचणीवर तोडगा काढला आहे. ते इमारतीतल्या वासांचा हिशेब ठेवतात.

वहीत रकाने आखलेले होते: तारीख, वेळ, वासाचे स्वरूप, तीव्रता आणि शेरा. आमच्या दारासमोर उभे राहून, चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन, त्यांनी एकेक नोंद मला वाचून दाखवली. "मंगळवार, १९.४०. कांदा, तेलात. सह्य. बुधवार, निरंक. गुरुवार, २०.१५. अज्ञात, गंधकाच्या जातीचा. जिन्याची खिडकी उघडावी लागली. रविवार, १३.००..." इथे ते अडखळले आणि त्यांनी अंगठ्याने ती ओळ झाकली, तरीही माझ्या नजरेने टिपले, की तिथे 'अज्ञात, परंतु भूक लागली' असे लिहून नंतर त्यावर पट्टीने सरळ रेघ मारलेली होती आणि हिशेबातल्या खाडाखोडीला लागते तशी बाजूला छोटी सही केलेली होती.

"गुरुवारी आम्ही घरी नव्हतो," मी म्हणाले. "सासूबाईंकडे जेवायला गेलो होतो."

राजोनिएरेंनी विचार केला. "मग वास कोणाचा होता?"

"तिसऱ्या मजल्यावर त्या संध्याकाळी कोबी उकडत होता. आम्ही जिना उतरलो तेव्हाच दरवळत होता."

"कोबीला वास असतो, सिन्योरा," ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "पण तो कोबीचा असतो."

हा सिद्धान्त मी अजून पचवते आहे. त्याचा अर्थ असा, की ज्या वासाचा मालक ओळखीचा आहे त्याला वास म्हणायचे नाही, आणि जो वास ओळखता येत नाही तो आपोआप चौथ्या मजल्याच्या नावे टाकायचा. बोलोन्यात तर ओळखीच्या वासांना सरकारदरबारी कागदपत्रेसुद्धा आहेत. इथल्या रागूची, म्हणजे ताल्यातेल्ले या पट्टीच्या पास्त्यावर घालतात त्या खिम्याच्या रश्श्याची, कृती १९८२ साली बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर जमा करण्यात आली आणि २०२३ साली तिची सुधारित आवृत्ती पुन्हा रीतसर दाखल झाली. त्याआधी १९७२ साली ताल्यातेल्लेची रुंदीसुद्धा तिथेच नोंदवली गेली. शिजलेली पट्टी ८ मिलिमीटर असावी, म्हणजे शहरातल्या प्रसिद्ध आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग, आणि पुरावा म्हणून सोन्याची एक पट्टी जपून ठेवलेली आहे. दर रविवारी सकाळपासून हा रागू निम्म्या इमारतीत मंद आचेवर तासन्‌तास रटरटत असतो, तो माझ्या लोकरी कोटात शिरतो आणि थेट बुधवारपर्यंत तिथे मुक्काम करतो. त्याची वहीत नोंद नाही. नोंदणीकृत रहिवाशाची नोंद कोण करणार? इथे राहण्याच्या परवान्यासाठी मी टपाल कचेरीतून तो जाडजूड अर्ज भरते, सोळा युरोंचे तिकीट चिकटवते, बोटांचे ठसे देते, आणि नूतनीकरणाची वेळ आली की पुन्हा तेच करते. माझ्या हिंगाला मात्र अर्ज करायला खिडकीच नाही.

राजोनिएरेंना शेवटी मूळ पुरावाच पाहायचा होता. मी आतून डबी आणली. पुण्याहून येताना ती तीन पिशव्यांत गुंडाळून, वरून मोज्यात घालून आणावी लागते, आणि तरीही बॅगेतल्या साऱ्या साड्यांना तिचा ठाव लागतो, हे मी नाकारत नाही. त्यांनी झाकण उघडले, नाक जवळ नेले आणि मान झटकन मागे घेतली. मग पुन्हा नाक जवळ नेले.

"हे आपण खाता?"

"अर्धी चिमूट. गरम तेलात, मोहरी तडतडल्यावर."

"विलक्षण आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "मला आमच्या ट्रफलची आठवण झाली."

त्यानंतर पंधरा मिनिटे ते ट्रफलवर बोलले आणि मी हातात वांगी घेऊन ऐकले. बोलोन्याच्या डोंगराळ बाजूला साविन्यो नावाचे गाव आहे, तिथे नोव्हेंबरात पांढऱ्या ट्रफलचा बाजार भरतो. जमिनीखाली वाढणारे हे कवक कुत्र्याच्या नाकाने शोधावे लागते आणि किलोला हजारो युरोंनी विकले जाते. राजोनिएरे दर वर्षी सुपारीएवढा एक तुकडा घेतात आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवून, थंडीत कुडकुडत, घरी परततात. एका वर्षी तो तुकडा फ्रिजमध्ये ठेवला असता त्यांच्या पत्नीने गॅस गळतो आहे असे समजून दुरुस्तीवाल्याला बोलावले होते. तो येऊन सगळीकडे हुंगून, गॅस ठीक आहे असे सांगून, शुल्क घेऊन गेला. ही हकिकत सांगताना राजोनिएरेंच्या डोळ्यांत पाणी आले.

"त्या वासाची नोंद वहीत केली होती का?" मी विचारले.

"तो आमच्याच घरात होता, सिन्योरा."

ट्रफल आणि हिंग यांच्या वासाच्या मुळाशी गंधकाचीच संयुगे असतात, तेव्हा गुरुवारच्या नोंदीत 'गंधकाच्या जातीचा' लिहिणाऱ्या नाकाला दाद द्यायलाच हवी. (कोबी उकडतानाही गंधकच सुटतो, पण तो कोबीचा असतो.) मला त्याहून जास्त चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. यांचे पूर्वज हिंग खात होते. प्राचीन रोमन लोक सिल्फियम नावाच्या वनस्पतीच्या चिकावर जीव टाकत. ती उत्तर आफ्रिकेतल्या सायरीन या प्राचीन नगरीच्या परिसरातून येई, आणि ती इतकी ओरबाडली गेली की आपल्या हयातीत तिचा एकच देठ सापडला व तो नीरो बादशहाला नजर करण्यात आला, असे प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे. मग रोमन स्वयंपाक्यांनी तिच्या जागी पूर्वेकडून येणारे हिंग वापरले. अपिसियस या रोमन खवय्याच्या नावावर असलेल्या पाककृतींच्या संग्रहात हा मौल्यवान चीक पुरवून वापरायची युक्तीही दिलेली आहे: तो बरणीत पाइनच्या बियांबरोबर ठेवावा आणि वास लागलेल्या बियाच स्वयंपाकात कुटून घालाव्यात. बोलोन्या ही इसवी सनपूर्व १८९ मध्ये वसवलेली रोमन वसाहत, बोनोनिया. म्हणजे राजोनिएरेंच्या पणजोबांच्या पणजोबांच्या कितव्या तरी पणजोबांनी हिंगाचा वास लागलेल्या बिया चाटूनपुसून खाल्ल्या असण्याची दाट शक्यता आहे, आणि वंशजाने वहीत लिहावे काय, तर 'अज्ञात'. हे मी त्यांना सांगितले. ते आदराने ऐकून घेत म्हणाले, "पण तेव्हा इमारतीला लिफ्ट नव्हती."

मग ते कायद्यावर आले. इटलीच्या १९४२ च्या दिवाणी संहितेतले ८४४ वे कलम त्यांना तोंडपाठ आहे. शेजारच्या जागेतून येणारा धूर, उष्णता, वाफा आणि आवाज हे सर्वसाधारण सहनशीलतेच्या मर्यादेत असतील तर ते रोखता येत नाहीत, आणि ती मर्यादा ठरवताना त्या जागेची परिस्थिती लक्षात घ्यायची असते. कलम बरे आहे. सर्वसाधारण सहनशीलता कोणाची मोजायची, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर पहिल्या मजल्यावर राहते.

खिडकी उघडावी तर आणखी पंचाईत होते. इथे सकाळी उठल्याबरोबर घराची हवा बदलणे हा धर्म आहे, पण त्याच हवेचा झोत मानेला लागला की माणूस आडवा होतो, अशीही तितकीच पक्की श्रद्धा आहे. माझा नवरा उन्हाळ्यातसुद्धा समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघडू देत नाही. फोडणीच्या वेळी मी चिमणी चालू करून एक खिडकी उघडते, तेव्हा तो मानेला रुमाल गुंडाळून शेजारच्या खोलीत जाऊन बसतो, आणि वरण पानात पडल्यावर रुमाल सोडून धावत येतो. भातावर वरण घेतो, वर तूप घेतो, आणि शेवटी पावाच्या तुकड्याने ताटली पुसून लख्ख करतो. माझ्या फोडणीचा याच्याइतका एकनिष्ठ भक्त पुण्यातही मला मिळाला नसता, आणि लग्नाला होकार देताना ही बाब मी विचारात घेतली होती.

म्हणूनच पुढची गोष्ट मला जास्त लागली. राजोनिएरे गेल्यावर तो घरी आला, मी सगळे सांगितले, तो पोट धरून हसला, आणि खाली जाऊन त्यांना भेटून आला. वर आल्यावर म्हणाला, "मिटवले." कसे मिटवले, तर "ती यापुढे काळजी घेईल," असे माझ्या वतीने सांगून. कसली काळजी? "अगं, बोलायचे असते तसे." मी विचारले, की सासूबाईंच्या रागूबद्दल कोणी बोलले असते, तर त्यांच्याही वतीने तू काळजी घेण्याचे वचन देऊन आला असतास का? यावर त्याने जी शांतता पाळली ती इटालियन माणसाला सहसा साधत नाही. प्रेमात पडताना त्याच्या आवाजावर, हातवाऱ्यांवर, तोर्तेल्लिनी हा सारण भरलेला पास्ता वळणाऱ्या बोटांवर मी भाळले होते. जिन्यातल्या शेजाऱ्यापुढे त्याचा कणा किती वाकतो हे पाहायचे तेव्हा सुचले नव्हते.

मिटले काही नाहीच. रहिवाशांच्या वार्षिक सभेची सूचना काल आली. सभेला घरमालकच मत देऊ शकतो. घर नवऱ्याच्या नावावर आहे, म्हणून त्याच्या जागी मला जायचे तर त्याची सही असलेले मुखत्यारपत्र लागते. ते मी लिहून त्याच्यापुढे ठेवले आहे आणि राजोनिएरेंना वाईट वाटेल म्हणून तो अजून सही करायला तयार नाही. विषयपत्रिकेत छताची गळती पहिली आहे, अंगणात लावलेल्या सायकली तिसऱ्या आहेत, आणि माझी फोडणी सर्वांत शेवटी 'इतर व आयत्या वेळचे विषय' यात आहे. तिसऱ्या मजल्याचा कोबी कुठेच नाही.