गुन्हा सिद्ध झाला नाही, तरी गाडी जाते

‘अमेरिकेत ड्रग्जच्या संशयावरून पोलिसांनी गाडी किंवा रोकड नेली तरी घाबरू नका. गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय सरकार ती ठेवून घेऊ शकत नाही, आरोप सुटले की आपसूक परत मिळते, आणि दहा हजार डॉलरच्या आतल्या रोकडीला कुणी हात लावत नाही.’ तिथे राहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये हा दिलासा सर्रास पुढे ढकलला जातो. त्यावर विसंबाल तर फसाल.

‘गुन्हा सिद्ध व्हावा लागतो.’ न्यू मेक्सिकोत (२०१५पासून), नेब्रास्कात (२०१६पासून) आणि मेनमध्ये (२०२१पासून) हे खरं आहे. कॅलिफोर्नियात ४० हजार डॉलरपर्यंतच्या रोकडीला दोषसिद्धी लागते, त्याहून जास्त असेल तर नाही. पण बऱ्याच राज्यांत दिवाणी दावा माणसावर नव्हे, थेट वस्तूवर लावतात. प्रतिवादी म्हणून गाडीचं मॉडेल किंवा नोटांची रक्कम लिहिलेली असते. मालकावर गुन्हा नोंदलाच नाही, तरी दावा चालतो.

शिवाय राज्याचा कायदा कडक असला तरी पळवाट आहे. स्थानिक पोलीस जप्त केलेला माल केंद्रीय यंत्रणेकडे सोपवतात, प्रकरण केंद्रीय कायद्याने चालतं, आणि वसुलीतला ८० टक्क्यांपर्यंत वाटा पोलिसांकडे परत येतो. ही वाट काही राज्यांनीच अरुंद केली आहे.

‘आपसूक परत मिळते.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. केंद्रीय प्रकरणात जप्तीची नोटीस टपालाने येते (स्थानिक पोलिसांनी सोपवलेला माल असेल तर जप्तीनंतर ९० दिवसांपर्यंतही). ‘ही वस्तू माझी आहे’ असा दावा मालकाने दाखल करण्याची शेवटची तारीख पत्रातच असते. ती पत्र धाडल्यापासून किमान ३५ दिवसांची. दिवस मोजायचे ते पत्र हाती पडल्यापासून नव्हे, आणि त्या तारखेपर्यंत दावा कार्यालयात पोहोचलेला हवा. दाव्यात वस्तू कोणती, तिच्यावर तुमचा हक्क कसा, हे लिहून शपथेवर सही करायची. अनामत भरावी लागत नाही.

इथे लोक हमखास चुकतात: ‘दावा’ करण्याऐवजी ‘माफीचा अर्ज’ (वस्तू कृपा करून परत द्या, अशी विनंती) पाठवतात. त्या अर्जावर तीच यंत्रणा निर्णय देते, न्यायाधीशापुढे काही जातच नाही. दावा केलात तर सरकारला ९० दिवसांत कोर्टात जावं लागतं, नाहीतर माल सोडावा लागतो. मुदत हुकली की कागदावरच सरकारजमा. राज्याच्या प्रकरणात मुदती वेगळ्या, त्यामुळे नोटीस आधी नीट वाचा.

‘दहा हजारांच्या आत सुरक्षित.’ हा आकडा आहे देशाच्या सीमेवरच्या घोषणापत्राचा आणि बँकेच्या रोख व्यवहार अहवालाचा. देशात रोकड बाळगायला मर्यादा नाही, आणि संशय आला तर जप्तीलाही खालची मर्यादा नाही. बँकेतून पैसे काढल्याची पावती, खरेदीचा करार यांच्या प्रती रोकडीपासून वेगळ्या ठेवा.

‘गाडी मुलाने वापरली, मालक निर्दोष.’ केंद्रीय कायद्यात हे सिद्ध करण्याचा भार मालकावरच: आपल्याला माहीत नव्हतं, किंवा कळल्यावर थांबवण्यासाठी शक्य ते सगळं केलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६च्या ‘बेनिस’ निकालात सांगितलं, की निर्दोष सहमालकाला संरक्षण देणं राज्यघटनेनुसार बंधनकारक नाही.

‘सर्वोच्च न्यायालयाने हे थांबवलं.’ २०१९च्या ‘टिम्ब्स’ खटल्यात इंडियानात जप्त झालेली ४२ हजार डॉलरची लँड रोव्हर होती; त्या गुन्ह्याचा कमाल दंड १० हजार. अवाजवी दंडाची मनाई राज्यांनाही लागू, एवढंच न्यायालयाने ठरवलं. उलट २०२४च्या ‘कली’ निकालाप्रमाणे, अलाबामात गाडी ताब्यात घेतल्यावर मुख्य सुनावणीआधी ‘तोवर ती ठेवावी का’ याची वेगळी सुनावणी मिळण्याचा घटनात्मक हक्क नाही. मधले महिने गाडीशिवाय काढायचे.