तेच पाणी परत वर चढवून फुकट वीज? नाही हो

एक फॉरवर्ड फिरतोय की धरणातलं पाणी टर्बाइनवरून खाली आलं की त्याच विजेने परत वर पंप करायचं, म्हणजे वीज कधी संपणारच नाही, मग सोलर, बॅटरी वगैरे कशाला हवं. असं होत नाही. पाणी वर चढवायला जेवढी वीज लागते त्याच्या साधारण 70 ते 80 टक्केच परत मिळते, बाकीची पंप, टर्बाइन आणि पाइपमधल्या घर्षणात जाते, त्यामुळे हे चक्र स्वतःच्या जिवावर चालूच शकत नाही.

पण म्हणून ‘मग हा सगळा फ्रॉडच’ म्हणणारेही चुकतायत (कमेंटमध्ये तेही भरपूर आहेत). पंप्ड स्टोरेज, म्हणजे पाणी वर चढवून ठेवून लागेल तेव्हा टर्बाइनवरून सोडायची ही पद्धत, वीज तयार करायला नसतेच मुळी, ती वीज साठवायला असते. दुपारी सोलरची वीज जास्त होते, ती वाया घालवण्यापेक्षा पाणी वर चढवून ठेवायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली, सूर्य गेला, की सोडायचं, 20-30 टक्के गेले तरी परवडतं कारण नाहीतर ती सगळीच गेली असती. वेल्समधलं दिनॉर्विग वीजकेंद्र 1984 पासून जास्तीची वीज अशीच साठवून ठेवायचं काम करतंय, क्षमता 1,700 मेगावॅटच्या वर.

आणि पाणी लागतं किती बघा, 1 घनमीटर म्हणजे अख्खं 1 टन पाणी 100 मीटर वर नेलं तरी साठतं जेमतेम 0.27 युनिट. म्हणूनच दोन मोठे तलाव आणि त्यांच्या उंचीत चांगला फरक असेल तिथेच हे जमतं, बाकी ठिकाणी बॅटऱ्या लागणारच.