'रेस्क्यू डॉन': जंगल खरं, डीब्रुइन खोटा

युद्धकैद्यांच्या पलायनाचे सिनेमे बहुतेक वेळा कुंपण ओलांडलं की आवरतं घेतात. वर्नर हर्झोगचा 'रेस्क्यू डॉन' (२००६) तिथून पुढे खरा रंगतो. जंगलाच्या बाबतीत त्याला पैकीच्या पैकी मार्क. तक्रार आहे ती माणसांबद्दल, खासकरून यूजीन डीब्रुइन या सहकैद्याच्या चित्रणाबद्दल, तिच्याकडे येतोच.

कथा खरी आहे. जर्मनीत जन्मलेला, अमेरिकी नौदलाचा वैमानिक डीटर डेंगलर व्हिएतनाम युद्धात १ फेब्रुवारी १९६६ ला लाओसवर पाडला गेला. विमान स्कायरेडर, म्हणजे जेटच्या जमान्यातलं पंख्याचं विमान. पाथेट लाओच्या, म्हणजे लाओसच्या कम्युनिस्ट बंडखोरांच्या, छावणीतून तो २९ जूनला निसटला आणि २० जुलैला हेलिकॉप्टरने त्याला उचललं. तेव्हा वजन उरलं होतं जेमतेम ४४ किलो.

बेत साधा होता. पहारेकरी बंदुका ठेवून जेवायला जातात, तेवढाच वेळ हातात. बेड्या खिळ्याने उघडायच्या, तांदूळ चोरून साठवायचा आणि पावसाळ्याची वाट बघायची, कारण उन्हाळ्यात जंगलात प्यायला पाणी नाही.

गोची अशी की पाणी देणारा पाऊस बाकी सगळं हिरावून घेतो. साठवलेला तांदूळ भिजून आंबतो. जाळ धरत नाही. पाय दिवसरात्र ओले राहिले की कातडी पांढरीफटक, लिबलिबीत होते आणि सोलून निघते. जळवांच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून जखम वाहत राहते आणि त्या ओलीत पिकते. डेंगलर आणि त्याचा साथीदार ड्वेन मार्टिन यांच्याकडे दोघांत मिळून टेनिसच्या बुटाचा एक तळवा होता. एक तळवा! वेताने पायाला बांधायचा आणि आळीपाळीने वापरायचा. पळालेला कैदी भुकेने कोसळण्याआधी पायांनी कोसळतो, हे हर्झोगला नीट कळलंय.

नदीच्या कडेने खाली गेलं की मेकाँग, पलीकडे थायलंड, हा हिशेब नकाशावर बरोबर वाटतो. डोंगरातली नदी मात्र वळसे घेते. इतकं चालून आपण गोल फिरलो, हे त्या दोघांना नंतर कळलं.

आकाशातून दिसणं त्याहून अवघड. झाडांच्या दाट छताखाली धूर पानांतच विरतो. त्यांनी रात्री जाळ दाखवला, विमानाने पॅराशूटला लटकणारे प्रकाशगोळेही टाकले, पण सुटकेला कुणी आलं नाही. शत्रूचा सापळाही असू शकतो ना! पुढे अशाच एका गोळ्याचं पांढरं पॅराशूट डेंगलरने खुणेसाठी वापरलं आणि यूजीन डीट्रिक या वैमानिकाला तो दिसला.

त्याआधीच मार्टिन गेला होता. खायला शोधत गावाजवळ गेला आणि गावकऱ्याने कोयत्याने मारला. जंगलात उपासमार, वस्तीत धोका. १९७२ मध्ये रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीतून निसटलेले आपल्या हवाई दलाचे दिलीप परुळकर आणि त्यांचे दोन साथीदारही असेच वस्तीत अडकले. त्यांनी अफगाण सीमेजवळच्या लंडी खाना या रेल्वे स्टेशनची चौकशी केली, पण ते स्टेशन फार पूर्वीच बंद पडलेलं होतं, म्हणून लोकांना संशय आला.

डेंगलर साकारणाऱ्या क्रिश्चन बेलने सुमारे २५ किलो वजन घटवलं, चित्रीकरण थायलंडमध्ये झालं आणि तेही उलट क्रमाने, म्हणजे हाडकुळेपण आधी टिपून मग अंग भरू द्यायचं. एवढी काटेकोर मेहनत घेणारा दिग्दर्शक यूजीन डीब्रुइनशी मात्र फारच ढिलाईने वागला. सिनेमात हा सहकैदी भ्रमिष्ट, आपमतलबी, आरडाओरडा करून बेत उधळायची धमकी देणारा आहे. त्याच छावणीत असलेल्या आणि नंतर सुटलेल्या थाई कैद्याने, पिसिधी इंद्रदत यांनी, अगदी उलट माणूस सांगितला: अन्न वाटून घेणारा, सोबत्यांना इंग्रजी शिकवणारा, आजारी साथीदारासाठी मागे राहिलेला. डीब्रुइनच्या कुटुंबानेही जाहीर आक्षेप घेतला. नाट्यासाठी खलनायक हवाच होता, तर नाव बदलायचं. डीब्रुइन परत आलाच नाही, त्यामुळे आपली बाजू मांडायला तो नव्हता.